मक्याच्या राज्यांतील गव्हर्नरची निवडणूक

कांहीं परदेशी स्थळें मराठी वाचकांस नकाशापेक्षां पुस्तकावरूनच अधिक ओळखीचीं असतात. अमेरिकेंतील आयोवा हें राज्य त्यांपैकीं एक होय. वीणा गवाणकर यांचें ‘एक होता कार्व्हर’ हें चरित्र १९८१ सालीं प्रसिद्ध झालें आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांतील असंख्य सुशिक्षित घरांत तें वाचलें गेलें. गुलामगिरींत जन्मलेला एक निग्रो मुलगा विद्येसाठीं गांवोगांव वणवण करीत शेवटीं ज्या प्रांतांत महाविद्यालयाची पायरी चढला, तो प्रांत म्हणजे आयोवा. १८९० सालीं इंडियनोला येथील सिम्प्सन महाविद्यालयानें जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांस प्रवेश दिला. पुढें एम्स येथील शेतकी महाविद्यालयांत ते वनस्पतिशास्त्र शिकले, आणि १८९६ सालीं तेथील वरची पदवी घेऊन टस्कीगीस गेले.

त्याच आयोवांत ३ नोव्हेंबर २०२६ रोजीं गव्हर्नरपदाची निवडणूक व्हावयाची ठरली आहे. मुंबईच्या मानानें पाहिलें तर मूठभर वस्तीच्या त्या राज्याची निवडणूक इकडील वाचकानें कां समजून घ्यावी, असा प्रश्न सहज मनांत येईल. शेतकऱ्याची जमीन कोणाला सक्तीनें घेतां यावी, शेतांतील खतामुळें नासलेल्या पाण्याचा खर्च कोणीं सोसावा, आणि ओस पडत चाललेल्या खेड्यांतील शाळा कोणीं जगवावी, हे तीन प्रश्न त्या निवडणुकीच्या मुळाशीं आहेत. हे प्रश्न कोणत्याहि शेतीप्रधान मुलुखाला परके नाहींत.

प्रथम त्या भूमीचा परिचय करून घेतला पाहिजे. पूर्वेस मिसिसिपी आणि पश्चिमेस मिसूरी व बिग सू या नद्या, आणि त्यांच्यामध्यें पसरलेला काळ्याभोर मातीचा सपाट-उताराचा प्रदेश, असें आयोवाचें रूप आहे. २८ डिसेंबर १८४६ रोजीं तें संयुक्त संस्थानांतील एकोणतिसावें राज्य झालें. त्याचें क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडें कमी. लोकसंख्या २०२० च्या शिरगणतींत ३१,९०,३६९ भरली. एवढ्या वस्तीचे ९९ परगणे, म्हणजे कौंट्या, पाडलेले आहेत. राजधानी दे मॉइन ही त्या राज्यांतील सर्वांत मोठी नगरी, परंतु महाराष्ट्रांतील एखाद्या मध्यम शहराएवढीच.

या राज्याच्या दर शंभर एकरांपैकीं सुमारें पंच्याऐंशी एकर जमीन शेतीखालीं आहे. सव्वा कोटी एकरांच्या वर एकटा मका पेरला जातो, आणि त्याच्या खालोखाल सोयाबीन. मका, डुकरें आणि अंडीं या तिहींच्या उत्पादनांत आयोवा अमेरिकेंत पहिलें आहे. माणसें बत्तीस लाख आणि डुकरें दोन कोटींहून अधिक, हें प्रमाण ऐकून परका मनुष्य चकित होतो. शेतकऱ्याच्या एका वाडीची सरासरी २०२२ च्या शेतीगणनेंत सुमारें साडेतीनशें एकर निघाली. अवजड यंत्रांच्या साहाय्यानें एकटें कुटुंब एवढी जमीन करतें. म्हणूनच शेती वाढली तरी शेतावरचीं माणसें मात्र घटत गेलीं. २०१० ते २०२० या दहा वर्षांत दोन तृतीयांशांहून अधिक परगण्यांची वस्ती कमी झाली. जेथें पूर्वीं शाळा, दवाखाना, किराण्याचें दुकान आणि प्रार्थनामंदिर होतें, तेथें आज पुष्कळ ठिकाणीं धान्याचें उंच कोठार तेवढें उभें दिसतें.

‘गव्हर्नर’ हा शब्द ऐकतांच भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढें राजभवनांतील नेमलेला राज्यपाल येतो. अमेरिकेंतील गव्हर्नर अगदीं निराळा. तो थेट लोकांच्या मतांनीं निवडला जातो, आणि राज्याचा कारभार खरोखरीच त्याच्या हातीं असतो. मुख्यमंत्र्याप्रमाणें विधिमंडळांतील बहुमतावर त्याचें आसन अवलंबून नसतें. शंभर सभासदांचें प्रतिनिधिगृह आणि पन्नास सभासदांचें सिनेट अशीं दोन गृहें आयोवांत आहेत. तीं विरुद्ध गेलीं म्हणून गव्हर्नरला राजीनामा द्यावा लागत नाहीं, आणि गव्हर्नरच्या मर्जीनें तीं बरखास्तहि होत नाहींत. खात्यांचे प्रमुख तो नेमतो, परंतु त्या नेमणुकांस सिनेटच्या दोन तृतीयांश सभासदांची संमति लागते. विधेयकावर सही करणें अगर तें नाकारणें हा त्याचा हक्क. खर्चाच्या विधेयकांतील तर एखादी बाब तेवढी तो खोडूं शकतो. नाकारलेलें विधेयक पुन्हां संमत करावयाचें तर दोन्ही गृहांत दोन तृतीयांश मतें पाहिजेत. उमेदवाराचें वय निदान तीस वर्षें असावें व त्यानें राज्यांत दोन वर्षें वास्तव्य केलेलें असावें, अशी पात्रता घटनेनें सांगितली आहे.

१९७४ च्या निवडणुकीपूर्वीं ही मुदत दोन वर्षांची होती. त्या निवडणुकीपासून ती चार वर्षांची झाली. कितीदां निवडून यावें यास मात्र मर्यादा नाहीं. म्हणूनच टेरी ब्रॅनस्टॅड हे १९८३ ते १९९९ आणि पुन्हां २०११ ते २०१७ असे बावीस वर्षांहून अधिक काळ गव्हर्नर राहूं शकले. अमेरिकेच्या इतिहासांत इतका दीर्घ काळ कोणत्याहि राज्याचें हें पद कोणीं भूषविलें नाहीं.

शेतकऱ्याचें संकट आणि गव्हर्नरची खुर्ची यांचा संबंध आयोवांत जुना आहे. १९३३ च्या एप्रिलमध्यें, महामंदीच्या ऐन भरांत, ल मार्स या गांवीं कर्जाच्या जप्त्यांनीं पिसाळलेल्या शेतकऱ्यांनीं न्यायासनावरून न्यायाधीशासच खालीं ओढलें, गांवाबाहेर नेलें आणि गळ्यांत दोर अडकवून धमकावलें. जप्तीचे हुकूम काढणार नाहीं असें वचन त्यांस हवें होतें. न्यायाधीशानें तें दिलें नाहीं. त्या वेळचे गव्हर्नर क्लाइड हेरिंग यांनीं त्या परगण्यांत लष्करी कायदा पुकारला; आणि त्याच वर्षीं जप्त्या कांहीं काळ थोपवून धरणारा कायदाहि राज्यानें केला होता. एका हातांत दंड आणि दुसऱ्या हातांत दिलासा घेऊन कारभार करण्याची ती वेळ होती.

दुसरा प्रसंग १९८० नंतरचा. १९८१ सालीं आयोवांतील शेतजमिनीचा सरासरी दर एकरीं २,१४७ डॉलर होता. व्याजाचे दर चढले, धान्याचे भाव कोसळले, आणि १९८६ पर्यंत तोच दर ७८७ डॉलरवर आला. चढत्या किमतीच्या भरवंशावर ज्यांनीं कर्जें काढलीं, त्यांच्या हातून वाडवडिलांच्या जमिनी गेल्या. बँका बुडाल्या, लिलावाच्या वेळीं शेजाऱ्यानें शेजाऱ्याचें अवजार विकत घेण्याचा प्रसंग गांवोगांव आला. तेव्हां १९८५ च्या ऑक्टोबरमध्यें ब्रॅनस्टॅड यांनीं आर्थिक आणीबाणी जाहीर करून जप्त्यांना स्थगिती दिली. त्या दशकाची आठवण अद्याप तेथील वडीलधाऱ्यांच्या मनांतून गेलेली नाहीं. जमीन हा शब्द आयोवांतील मतदार निव्वळ मालमत्ता म्हणून उच्चारीत नाहीं, त्याचें कारण हें आहे.

आतां या निवडणुकीकडे वळूं. ब्रॅनस्टॅड चीनमध्यें अमेरिकेचे राजदूत म्हणून गेल्यावर २४ मे २०१७ रोजीं किम रेनॉल्ड्स या गव्हर्नर झाल्या. त्या पदावर येणाऱ्या त्या आयोवांतील पहिल्या स्त्री होत. रिपब्लिकन पक्षातर्फे त्या २०१८ सालीं थोडक्या फरकानें आणि २०२२ सालीं मोठ्या फरकानें निवडून आल्या. ११ एप्रिल २०२५ रोजीं त्यांनीं आपण पुन्हां उभ्या राहणार नसल्याचें जाहीर केलें. पदावरील व्यक्ति रिंगणांत नाहीं, अशी आयोवांतील निवडणूक २००६ नंतर ही पहिलीच. त्यामुळें दोन्ही पक्षांत एकाएकीं हालचाल सुरू झाली.

डेमोक्रॅटिक पक्षाकडून राज्याचे हिशेबतपासनीस रॉब सँड हे मे २०२५ मध्यें पुढें आले. डिकोरा या लहानशा गांवांत वाढलेले हे वकील २०१८ सालीं त्या पदावर निवडून आले. २०२२ च्या निवडणुकींत त्यांच्या पक्षाचे दीर्घकाळचे महान्यायवादी आणि खजिनदार पराभूत झाले असतां सँड मात्र अत्यल्प मताधिक्यानें टिकले. त्या वेळेपासून राज्यव्यापी पदावर असलेले ते आपल्या पक्षाचे एकटेच राहिले. रिपब्लिकन पक्षांत काँग्रेसचे सभासद रँडी फीनस्ट्रा हे सर्वांत परिचित नांव. त्यांच्या जोडीस एडी अँड्रूज, ब्रॅड शर्मन, ॲडम स्टीन आणि झॅक लान हेहि २०२५ सालींच उमेदवारीच्या चढाओढींत उतरले.

पक्षाचा उमेदवार पुढाऱ्यांच्या बैठकींत ठरत नाहीं; पक्षाचे सामान्य मतदार तो मतांनीं निवडतात. या प्राथमिक निवडणुकीस २ जून २०२६ ही तारीख नेमलेली होती. आयोवाच्या कायद्याचें एक वैशिष्ट्य असें कीं, येथें नुसतीं सर्वांत अधिक मतें मिळून भागत नाहीं. निदान ३५ टक्के मतें पडावीं लागतात. कोणासच तेवढीं न पडलीं तर पक्षाच्या प्रतिनिधींचें अधिवेशन भरून तें निर्णय देतें. पुष्कळ उमेदवार असले म्हणजे या नियमास विशेष महत्त्व येतें.

पक्षांच्या बलाबलाकडे पाहिलें तर रिपब्लिकन पारडें जड आहे. २००८ व २०१२ सालीं याच राज्यानें अध्यक्षपदासाठीं बराक ओबामा यांस मतें दिलीं. परंतु २०१६, २०२० व २०२४ या तिन्ही खेपेस तें डोनल्ड ट्रम्प यांच्या बाजूस गेलें, आणि शेवटच्या खेपेचा फरक तर सुमारें तेरा टक्क्यांचा होता. तथापि २०२५ च्या पोटनिवडणुकांत सिनेटच्या दोन जागा डेमोक्रॅटिक पक्षानें हिसकावून घेतल्या, आणि दुसऱ्या विजयानें रिपब्लिकन पक्षाचें सिनेटमधील दोन तृतीयांश बहुमत मोडलें. वारें बदललें असें एवढ्यावरून म्हणतां येणार नाहीं. तें थोडें अस्थिर झालें, इतकें खरें.

या अस्थिरतेचें एक मोठें कारण म्हणजे एक नळ. आयोवांतील मक्याचा निम्म्याहून अधिक भाग इथेनॉल, म्हणजे मोटारींत जाळण्याचें मद्यार्क, करण्याकडे जातो. तें करतांना कर्बवायु बाहेर पडतो. समिट कार्बन सोल्यूशन्स या कंपनीनें २०२१ सालीं अशी योजना मांडली कीं, पांच राज्यांतील कारखान्यांतून हा वायु गोळा करून, दाबाखालीं नळांतून नेऊन, उत्तर डकोटांत जमिनीखालीं खोल पुरावा. नळांची लांबी पुढें सुमारें अडीच हजार मैल ठरली. वायु पुरल्याबद्दल केंद्र सरकार करांत सवलत देतें. त्यावर योजनेचा सारा हिशेब उभा. इथेनॉलवाल्यांचें म्हणणें असें कीं, यामुळें आमचें इंधन स्वच्छ ठरेल, त्याला नव्या पेठा मिळतील आणि मक्याचा भाव टिकेल.

पण नळ शेतांतून जाणार. पुष्कळांनीं पैसे घेऊन संमति दिली. कित्येकांनीं दिली नाहीं. जून २०२४ मध्यें राज्याच्या लोकोपयोगी सेवा मंडळानें योजनेस अटींसह मंजुरी दिली आणि संमति न देणाऱ्यांची जमीन सक्तीनें वापरण्याचा अधिकारहि कंपनीस दिला. सार्वजनिक कामासाठीं योग्य मोबदला देऊन जमीन घेण्याची सत्ता अमेरिकेच्या घटनेस मान्य आहे. वाद आहे तो ‘सार्वजनिक’ या शब्दाचा. रस्ता सर्वांचा असतो. खासगी कंपनीचा नळ सर्वांचा कसा, असा शेतकऱ्यांचा सवाल आहे. शेजारच्या दक्षिण डकोटानें मार्च २०२५ मध्यें अशा नळांसाठीं सक्तीची जमीन घेण्यास कायद्यानें बंदी केली. आयोवांतहि ही सक्ति आवळणारें विधेयक मे २०२५ मध्यें संमत झालें. त्यासाठीं सिनेटमधील बारा रिपब्लिकन सभासदांनीं आपल्याच पुढाऱ्यांस अंदाजपत्रक अडविण्याची धमकी दिली होती. परंतु ११ जून २०२५ रोजीं रेनॉल्ड्स यांनीं तें विधेयक नाकारलें.

येथें एक जुना दाखला आठवतो. २००६ सालीं सक्तीच्या भूसंपादनास लगाम घालणारें विधेयक डेमोक्रॅटिक गव्हर्नर टॉम व्हिल्सॅक यांनीं नाकारलें असतां विधिमंडळानें खास अधिवेशनांत दोन तृतीयांश मतांनीं तें पुन्हां संमत केलें होतें. २०२५ सालीं प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षांनीं तशीच हांक दिली, पण सिनेटच्या पुढाऱ्यांनीं तीस साथ दिली नाहीं. म्हणजे एकाच पक्षाचा गव्हर्नर, त्याच पक्षाचीं दोन्ही गृहें, आणि तरीहि शेतकरी दोन तटांत उभा. एकाला मक्याचा भाव हवा, दुसऱ्याला बांधाची मालकी हवी. पुष्कळदां दोघे शेजारीच असतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आयोवाचा उत्तर-मध्य भाग मुळांत दलदलीचा गवताळ प्रदेश. वसाहतकऱ्यांनीं शेतांखालीं भाजलेल्या मातीचे नळ पुरून तें पाणी ओढ्यांत काढलें, तेव्हां जगांतील उत्कृष्ट शेतजमीन निर्माण झाली. परंतु हेच नळ आज जमिनीवरचें खत आणि डुकरांच्या गोठ्यांतील मळ यांतील नायट्रेट भराभर नदीस पोंचवितात. रकून आणि दे मॉइन या दोन नद्यांचें पाणी राजधानी पिते. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें दहा मिलिग्रॅमपेक्षां अधिक नायट्रेट-नायट्रोजन असूं नये, असा अमेरिकेचा दंडक आहे. त्याहून वाढल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते. म्हणून १९९० च्या दशकाच्या आरंभीं दे मॉइनच्या जलसंस्थेनें नायट्रेट काढण्याचा खास कारखाना उभारला. २०१५ सालीं तिनें वरच्या अंगाच्या तीन परगण्यांतील निचरा-मंडळांवर दावा लावला. २०१७ मध्यें न्यायालयानें तो काढून टाकला. जून २०२५ मध्यें नद्यांतील नायट्रेट इतकें चढलें कीं, मध्य आयोवांतील लाखो नागरिकांस अंगणांतील हिरवळीस पाणी घालण्याची मनाई झाली.

त्यांत कर्करोगाच्या भयाची भर पडली. नव्या रुग्णांच्या प्रमाणांत आयोवा अमेरिकेंत दुसरें असल्याचें राज्याच्या कर्करोग-नोंदणीनें २०२४ च्या अहवालांत सांगितलें. मद्यपान, जमिनींतून निघणारा रेडॉन वायु, शेतांतील रसायनें अशीं अनेक कारणें पुढें केलीं जातात. कोणत्या एकावर बोट ठेवतां आलेलें नाहीं. शेतकऱ्यांनीं खताचा निचरा स्वेच्छेनें रोखावा, हें २०१३ पासूनचें राज्याचें धोरण. सक्ति नको म्हणणारे सांगतात कीं, शेतकरी आधींच भाव आणि कर्ज यांच्या कात्रींत सांपडला आहे. सक्ति हवी म्हणणारे विचारतात कीं, वरच्या गांवचा खर्च खालच्या शहरानें कोठवर सोसावा? गंमत अशी कीं, २०१० सालीं मतदारांनीं साठ टक्क्यांहून अधिक मतांनीं घटनेंत दुरुस्ती करून माती व पाणी यांसाठीं एक निधि निर्माण केला. पण विक्रीकर वाढेल तेव्हां त्यांत पैसा यावयाचा, आणि २०२५ अखेर तो कर वाढला नाहीं. निधि कागदावर आहे, तिजोरी रिकामी.

तिसरा प्रश्न शाळेचा. जानेवारी २०२३ मध्यें रेनॉल्ड्स यांनीं असा कायदा केला कीं, मुलाला खासगी शाळेंत घालणाऱ्या पालकांस राज्यानें दरसाल सुमारें साडेसात हजार डॉलर द्यावे. आरंभ टप्प्याटप्प्यानें झाला. २०२५–२६ च्या शालेय वर्षापासून ही सवलत सर्वांस खुली झाली. पालकांस निवडीचें स्वातंत्र्य मिळालें, असें तिचे पुरस्कर्ते म्हणतात. विरोधकांचा आक्षेप असा कीं, ज्या परगण्यांत एकहि खासगी शाळा नाहीं, तेथील मुलास या स्वातंत्र्याचा काय उपयोग, आणि सार्वजनिक शाळेच्या पैशांना मात्र ओहोटी लागावयाची. ज्या गांवची शाळा मिटते, तेथें नवें कुटुंब राहावयास येत नाहीं, हा अनुभव आयोवानें वारंवार घेतला आहे.

या तिहींच्या पाठीमागें बाजारपेठेची चिंता आहे. २०२५ च्या जकातीच्या झगड्यांत चीननें अमेरिकी सोयाबीनची खरेदी कित्येक महिने थांबविली. ऑक्टोबरअखेर समझोता झाला, पण तोंवर सुगी उरकत आली होती. ही गोष्ट कोणत्याहि गव्हर्नरच्या हातची नाहीं. तरीहि मतदार राग काढतो तो जवळच्या माणसावर, आणि धीर मागतो तोहि त्याच्याचकडे.

आयोवाचा मतदार उमेदवाराला जवळून पाहण्यास सरावलेला आहे. ऑगस्टमध्यें दे मॉइन येथें राज्याची मोठी जत्रा भरते. लोण्याची गाय घडवून ठेवण्याची तिची प्रथा शंभर वर्षांहून जुनी. त्या जत्रेंत उमेदवार गवताच्या गंजीजवळ उभे राहून बोलतात, आणि समोरचा शेतकरी त्यांस तोंडावर प्रश्न विचारतो. नव्व्याण्णवहि परगण्यांत पाऊल टाकल्याशिवाय मत मागूं नये, असा तेथें जणूं अलिखित संकेतच पडून गेला आहे.

या राज्याचा भारतीय शेतीशींहि ऋणानुबंध आहे. भारताच्या गव्हाच्या क्रांतींत ज्यांचा वांटा मोठा, ते नॉर्मन बोरलॉग १९१४ सालीं आयोवांतील क्रेस्को गांवाजवळ जन्मले. १९७० सालीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनींच सुरू केलेलें जागतिक अन्न पारितोषिक दे मॉइन येथें दिलें जातें. तें १९९८ सालीं जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांस बियाण्यांच्या कार्याबद्दल मिळालें.

अधिक पिकविण्याची विद्या आयोवानें जगाला शिकविली. तें पीक काढतांना जमीन कोणाची राहते, पाणी कसें उरतें आणि गांवांत माणसें राहतात कीं नाहीं, या प्रश्नांचें उत्तर त्याला अजून द्यावयाचें आहे. ३ नोव्हेंबर २०२६ च्या मतपेटींतून एक नांव बाहेर येईल आणि जानेवारी २०२७ मध्यें तें गृहस्थ चार वर्षांसाठीं कारभार हातीं घेतील. त्यांच्या मेजावर पहिल्याच दिवशीं नळाचा, नदीचा आणि शाळेचा कागद ठेवलेला असेल. आणि त्यांपैकीं कोणत्याहि कागदावर सही करणें सोपें नसेल.